६ईक्यूयूजे५ हा एलियनचा कोड नाहीये

अजूनही फॉरवर्ड फिरतं की १५ ऑगस्ट १९७७ ला एलियननी ७२ सेकंदांचा मेसेज पाठवला आणि त्यात ६ईक्यूयूजे५ असा कोड होता. नाही हो! ही अक्षरं अमेरिकेतल्या बिग इअर या रेडिओ टेलिस्कोपच्या (आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या) कॉम्प्युटरने छापलेली, सिग्नल किती जोरात आहे ते दाखवायला, म्हणजे ९ च्या पुढे ए, बी, सी असं चालू, त्यामुळे ओळ वाचली तर नुसता चढून उतरलेला सिग्नल दिसतो, मजकूर काहीच नाही. आणि ७२ सेकंद का, तर टेलिस्कोप स्थिर होता, पृथ्वी फिरताना आकाशातला एक बिंदू त्याच्यासमोरून जायला तेवढाच वेळ लागायचा! खगोलशास्त्रज्ञ जेरी एहमन यांनी छापील कागदावर या अक्षरांशेजारी लाल पेनने 'वॉव' लिहिलं ते खरंय, पण नंतर आकाशाच्या त्याच भागात कितीतरी वेळा शोधूनही तो सिग्नल परत मिळाला नाही.