जंताची गोळी आणि शाळेची हजेरी

पश्चिम केनियात, युगांडाच्या सीमेला लागून बुसिया जिल्हा आहे. १९९८ साली तिथल्या प्राथमिक शाळांमध्ये मुलांच्या शौचाची तपासणी झाली, तेव्हा ९२ टक्के मुलांच्या पोटात कोणता ना कोणता जंत निघाला. ३७ टक्के मुलांमध्ये जंतांचा भार मध्यम किंवा त्याहून जास्त होता. तरीही यातल्या बहुतेकांना घरी कुणी आजारी समजत नव्हते. ती शाळेत जात, घरची कामे करत आणि अधूनमधून पोट दुखते, अंगात त्राण नाही म्हणून घरी बसत.

या भागात चार प्रकारचे जंत आढळतात: गोल जंत, चाबूककृमी, अंकुशकृमी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या पाण्यातून त्वचेवाटे शिरणारा शिस्टोसोमा. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. उघड्यावरच्या शौचातून ती मातीत मिसळतात. उबदार, ओल्या मातीत दोन-तीन आठवडे मुरली की ती संसर्ग करू शकतात आणि मग न धुतलेल्या हातांवरून तोंडात जातात. इथल्या मुलांना माती खाण्याचीही सवय असते.

अंकुशकृमीला तोंडाची वाट लागतच नाही. त्याची अंडी मातीत एक-दोन दिवसांत फुटतात आणि ५ ते १० दिवसांत अळी त्वचा भेदण्याइतकी तयार होते. अनवाणी पायातून ती रक्तात शिरते, फुफ्फुसात पोचते, तिथून श्वासनलिकेने घशापर्यंत चढते आणि गिळली गेली की लहान आतड्याला चिकटते. नेकेटर जातीचा एक अंकुशकृमी दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त गमावायला लावतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण असे शंभर कृमी असतील तर महिन्याला ९० मिलिलिटर रक्त जाते. ज्या मुलाचे रोजचे जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचा उगाली आणि थोडी पालेभाजी, त्याला एवढे लोह अन्नातून भरून काढता येत नाही. रक्तक्षय होतो, धाप लागते, वर्गात लक्ष टिकत नाही.

मग प्रत्येकाला तपासून फक्त बाधित मुलांनाच औषध का देत नाहीत? अडचण तपासणीतच आहे. काटो-काट्झ पद्धतीत ४१.७ मिलिग्रॅम शौच काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजतात आणि त्या संख्येला २४ ने गुणून एका ग्रॅममधली अंडी काढतात. अंकुशकृमीची अंडी पट्टी तयार केल्यावर तासाभरात दिसेनाशी होतात, म्हणून नमुना शाळेजवळच आणि लगेच तपासावा लागतो. नाहीतर बाधित मूलही निरोगी ठरते. एका मुलाची तपासणी गोळीपेक्षा कितीतरी महाग पडते आणि गोळीतले अल्बेंडाझोल हे जंतनाशक औषध निरोगी मुलानेही घेतले तरी बिघडत नाही. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सरळ आहे: नमुना पाहणीत २० टक्के किंवा जास्त मुले बाधित असतील तर त्या भागातल्या सगळ्या मुलांना वर्षातून एकदा, ५० टक्क्यांच्या वर असतील तर दोनदा गोळी द्यायची.

गोळी वाटणारे असतात शाळेचेच शिक्षक. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी मुलाने शिक्षकासमोर चावून गिळायची आणि शिक्षकाने नोंदवहीत खूण करायची. घरी न्यायला द्यायची नाही. लहानग्यांच्या घशात ती अडकू शकते, म्हणून तीन वर्षांखालच्या मुलांना चुरून पाण्यात कालवून देतात. शिस्टोसोमावरच्या प्राझिक्वांटेलची मात्रा वजनावर ठरते, पण शाळाशाळांत वजनकाटा आणायचा कुठून? त्यासाठी उंचीच्या खुणा केलेली काठी वापरतात: ९४ ते १०९ सेंटिमीटर उंचीला ६०० मिलिग्रॅमची एक गोळी, ११० ते १२४ ला दीड, १२५ ते १३७ ला दोन, असे चढत जाते. साध्या काठीने डॉक्टरशिवाय मात्रा ठरवण्याची ही युक्ती मला फार मोलाची वाटते.

चुका होतात त्या बहुधा इथेच. प्राझिक्वांटेल कडू असते आणि रिकाम्या पोटी दिले तर मळमळ, पोटदुखी, चक्कर वाढते. ज्यांच्या अंगात जंत जास्त, त्यांना त्रासही जास्त. एका वर्गातली चार-पाच मुले एकदम ओकू लागली की गावात अफवा पसरते आणि पुढच्या वर्षी आईबाप मुलांना त्या दिवशी घरी ठेवतात. म्हणून आधी खाऊ घालणे आणि पालकांना त्रासाची कल्पना देणे हा औषधाचाच भाग धरायला हवा. गोळीच्या मर्यादाही आहेत. शिस्टोसोमाच्या कोवळ्या अळ्या प्राझिक्वांटेलने मरत नाहीत. चाबूककृमीवर अल्बेंडाझोलच्या एका मात्रेचा परिणाम बेताचाच होतो. आणि माती तीच राहिली की गोल जंत वर्षभरात जवळजवळ पूर्वीइतकेच होतात.

बुसियाचे नाव जगभर झाले ते मायकल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांच्या प्रयोगामुळे. त्यांनी ७५ शाळांचे २५-२५ चे तीन गट केले. पहिल्याला १९९८ पासून, दुसऱ्याला १९९९ पासून आणि तिसऱ्याला २००१ पासून औषध मिळाले. औषध मिळालेल्या शाळांत गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. त्या शाळांतल्या, गोळी न घेतलेल्या मुलांमध्येही जंत कमी झाले, कारण मातीत पडणारी अंडीच घटली. इथेच आधीच्या बऱ्याच अभ्यासांची गफलत उघड होते. एकाच शाळेतल्या निम्म्या मुलांना गोळी देऊन उरलेल्यांशी तुलना केली, तर फायदा दोन्हीकडे पोचतो आणि फरक कमी दिसतो. मात्र परीक्षेतले गुण वाढले नाहीत. मूल शाळेत आले म्हणून शिकले, असे होत नाही. दाटीचे वर्ग आणि पुस्तकांची टंचाई यावर गोळी उपाय नाही.

पुढे काही शाळांत पालकांकडून किरकोळ रक्कम घेण्यात आली, सरासरी एका मुलामागे अवघे ३० अमेरिकी सेंट. गोळी घेणाऱ्यांचे प्रमाण ७५ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास कोसळले. जी वस्तू घेतल्याने शेजाऱ्याचाही फायदा होतो, तिच्यासाठी गरीब घराने खिशात हात घालावा ही अपेक्षाच चुकीची आहे. चपला घाला, हात धुवा या नुसत्या शिकवणीनेही वागणे बदलले नाही.

या निष्कर्षांवर वाद झाला आणि व्हायलाच हवा होता. २०१५ मध्ये मूळ आकडेवारी पुन्हा तपासली गेली, तेव्हा गणितातल्या चुका सापडल्या. दूरच्या शाळांपर्यंत फायदा पोचतो हा दावा त्यात टिकला नाही. अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र पाहणाऱ्या कॉक्रेन या संशोधक-जाळ्याच्या आढाव्यांनाही सरसकट गोळीवाटपाचा वजन, हिमोग्लोबिन किंवा हजेरीवर सरासरी परिणाम फारसा दिसला नाही. पण सरासरीत ज्यांच्या पोटात दोन-चार जंत आहेत तेही येतात आणि शेकड्यांनी आहेत तेही. त्यामुळे बुसियाचा निकाल भार जड असलेल्या भागांपुरताच वाचावा, असे मला वाटते. तिथल्याच मुलांची वीस वर्षांनी पाहणी झाली. ज्यांना दोन-तीन वर्षे जास्त औषध मिळाले होते, त्यांची तासाची कमाई १३ टक्क्यांनी जास्त निघाली.

भारतातही २०१५ पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून हीच अल्बेंडाझोल मिळते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी.

केनियात आता प्रश्न मोठ्यांचा आहे. गोल जंत मुलांमध्ये जास्त असतात, पण अंकुशकृमी प्रौढांमध्येही भरपूर असतात आणि शेतात अनवाणी राबणाऱ्या आईपर्यंत शाळेतली गोळी पोचत नाही. किनाऱ्यावरच्या क्वाले परगण्यात याची चाचणी झाली. दोन वर्षांत फक्त शाळेत वर्षाला एकदा औषध दिलेल्या भागात अंकुशकृमीचे प्रमाण १८.६ टक्क्यांवरून १३.८ वर आले. घरोघरी जाऊन सगळ्यांना वर्षातून एकदा दिले तिथे ते १७.९ वरून ८ वर आले आणि दोनदा दिले तिथे २०.६ वरून ६.२ वर.