घुबडाचे छायाचित्र आणि फोटॉनांचा हिशेब

टेलिफोटो लेन्सचे नाभीय अंतर (फोकल लेंथ, म्हणजे दूरचे किती मोठे दिसेल हे ठरवणारा मिमीतला आकडा) जितके जास्त, तितके पक्ष्याचे छायाचित्र चांगले, असे बहुतेकांना वाटते आणि झूमचे आकडे ठळकपणे छापणाऱ्या जाहिराती ही समजूत आणखी पक्की करतात. लख्ख उन्हात बसलेल्या घारीच्या बाबतीत या समजुतीमुळे फारसे बिघडत नाही. मात्र संध्याकाळी ढोलीबाहेर येऊन बसलेल्या घुबडावर तीच लेन्स रोखली, की पिसांच्या जागी रंगीत ठिपक्यांचा गोंधळ उमटतो. याचे कारण लेन्सच्या लांबीत नसून तिच्या रुंदीत दडलेले असते.

नाभीय अंतराला प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागले की एफ-आकडा मिळतो. म्हणून ६०० मिमी एफ/४ लेन्सचे छिद्र १५० मिमी असते, तर ६०० मिमी एफ/६.३ लेन्सचे सुमारे ९५ मिमी. दोन्हींतून पक्षी सारख्याच आकाराचा दिसतो, पण पहिल्या लेन्समध्ये जवळजवळ अडीचपट प्रकाश शिरतो. घुबडाच्या अंगावरून सर्व दिशांना विखुरणाऱ्या प्रकाशापैकी आपल्या वाट्याला किती येणार, हे शटरचा वेळ सारखा धरला तर छिद्राचे क्षेत्रफळ आणि घुबडापर्यंतचे अंतर या दोनच गोष्टींवर ठरते. नाभीय अंतराला या हिशेबात जागाच नाही.

हे सहजी पटत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. ३०० मिमी एफ/४ लेन्सचे छिद्र ७५ मिमी असते. तिच्यामागे नाभीय अंतर दुप्पट करणारा टेलिकन्व्हर्टर (जोडभिंग) बसवला की ती ६०० मिमी एफ/८ होते, आणि ६०० भागिले ८ म्हणजे पुन्हा ७५ मिमीच. प्रतिमा चौपट क्षेत्रफळावर पसरली, पण फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, होते तेवढेच राहिले. टेलिकन्व्हर्टर न लावता काढलेले छायाचित्र नंतर कापून मोठे केले, तरी घुबडाच्या वाट्याचे फोटॉन तेवढेच भरतील. टेलिकन्व्हर्टरमुळे तोच पक्षी अधिक पिक्सेलांवर मांडला जातो, हा फायदा खरा आहे; मात्र त्यामुळे उजेड वाढत नाही.

उजेड कमी असला की ठिपके का उमटतात, हा मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. पावसात सारख्या आकाराच्या वाट्या शेजारी शेजारी ठेवून क्षणभरात उचलल्या, तर प्रत्येकीतले थेंब वेगवेगळे भरतात. सेन्सरच्या पिक्सेलांवर पडणाऱ्या फोटॉनांचेही तसेच असते, आणि या चढउताराचे प्रमाण सरासरी संख्येच्या वर्गमुळाइतके असते. पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन आले तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का असतो. १०० च आले तर तो १० चा, म्हणजे १० टक्के होतो. एकाच रंगाच्या पिसावरचे शेजारचे पिक्सेल मग वेगवेगळे उजळ दिसतात, आणि यालाच छायाचित्रकार नॉइज म्हणतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्यातली संवेदनशीलतेची पातळी, वाढवल्याने आलेले संकेत फक्त मोठे होतात; न आलेले फोटॉन कोणत्याही बटणाने आणता येत नाहीत. ‘१०० पट झूम’ मिरवणाऱ्या मोबाइलच्या चित्रांत जी रेखीव पिसे दिसतात, त्यांतली बरीचशी सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेली असतात, आणि अशा चित्रावरून पक्ष्याची जात ठरवणे धोक्याचे आहे.

घुबडाच्या डोळ्यातही मोठ्या छिद्राचा हाच उपाय योजलेला आहे. युरोपात आढळणाऱ्या टॉनी आउल या घुबडाच्या डोळ्याचे नाभीय अंतर माणसाच्या डोळ्याइतकेच, सुमारे १७ मिमी असते, पण त्याची बाहुली सुमारे १३ मिमीपर्यंत उघडते, तर आपली ७-८ मिमीपर्यंतच. म्हणजे घुबडाला दृश्य मोठे नव्हे, तर उजळ दिसते. एवढा मोठा, नळीसारखा डोळा खोबणीत फिरत नाही, म्हणून घुबड सगळी मानच वळवते. फ्लॅशच्या छायाचित्रांत चमकणारे त्याचे डोळे म्हणजे डोळ्याच्या आतून लेन्सकडे परतलेला फ्लॅशचाच प्रकाश असतो. घुबडाला अशुभ ठरवणाऱ्यांना त्यात कोणताही पुरावा सापडणार नाही.

अंतर निम्मे केले की प्रकाश चौपट मिळतो, पण घरट्याजवळ किंवा दिवसा विसावलेल्या घुबडाजवळ जाणे, त्याला फसवण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे हे मार्ग वर्ज्यच मानावेत. त्यापेक्षा घुबडाचा निश्चलपणा वापरावा. ट्रायपॉडवर शटर १/१००० ऐवजी १/६० सेकंद उघडे ठेवले, तर सोळापटीहून अधिक प्रकाश मिळतो. अशी बरीच छायाचित्रे सलग काढावीत, म्हणजे मान हलली नाही असे एखादे तरी हाती लागते.

गरुड, गिधाडे आणि घारी यांच्याबाबत उजेडाची चणचण नसते. तिथे हवा आड येते. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणारे हवेचे जे झोत त्यांना पंख न हलवता उंच नेतात, तेच छायाचित्र बिघडवतात. गरम हवेचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याच्या क्षमतेचे माप) थंड हवेपेक्षा किंचित कमी असतो, त्यामुळे प्रकाशकिरण वाटेत सतत वाकत राहतात आणि पिसांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. लेन्स कितीही महाग असली तरी हा दोष जात नाही. ही खळबळ जमिनीलगत सर्वाधिक असते, म्हणून दूरच्या खांबावर बसलेल्या ससाण्याचे छायाचित्र ऊन तापण्यापूर्वी घ्यावे, आणि दुपारी बाहेर पडायचेच असेल तर डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांकडे लेन्स वळवावी, कारण तिरप्या नजरेपेक्षा सरळ वर पाहताना तापलेल्या हवेचा थर सर्वांत कमी आड येतो.