पगारवाढ मागितली म्हणून मशीन आली?

‘अमेरिकेतल्या कामगारांनी तासाला १५ डॉलर मागितले आणि मॅकडोनाल्ड्सने कॅशियरच्या जागी ऑर्डर घेणारी टचस्क्रीन मशीन उभी केली.’ हा किस्सा वर्षानुवर्षे फिरतोय. कंपनीच्या अमेरिका विभागाचे माजी प्रमुख एड रेन्सी यांनीही २०१६ मध्ये तोच सूर लावला होता. पण तारखा जुळत नाहीत. १५ डॉलरची मागणी करत न्यूयॉर्कचे कामगार पहिल्यांदा संपावर गेले नोव्हेंबर २०१२ मध्ये. मॅकडोनाल्ड्सने युरोपातल्या दुकानांसाठी सुमारे ७,००० टचस्क्रीन घ्यायचं जाहीर केलं होतं मे २०११ मध्येच. आणि टेक्सासमध्ये किमान वेतन २००९ पासून सव्वासात डॉलरवरच अडकलंय. तिथेही ही मशीन आहेतच.

मग खरी गंमत कशात आहे? मशीन लाजत नाही, विसरत नाही. प्रत्येक ग्राहकाला ‘चीज वाढवू? फ्राइज मोठ्या हव्यात?’ विचारतेच. मागे रांग ताटकळत नसल्याने आपणही निवांत बोट फिरवतो आणि बिल फुगतं. बर्गर मात्र स्क्रीन भाजत नाही. ऑर्डर वाढल्या की ताण स्वयंपाकघरावर येतो. म्हणून काउंटरवरचा माणूस बरेचदा आत, नाहीतर ट्रे घेऊन टेबलांपाशी दिसतो. मजुरीचा हिशोब कंपन्या करतातच, त्यात वाद नाही. पण मशीन म्हणजे संपाची शिक्षा, ही नंतर रचलेली गोष्ट.