पाय आधी येतात, नजर नंतर

ऑगस्ट १९९५. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये मँचेस्टर युनायटेड ॲस्टन व्हिलाकडून ३-१ असं हरलं आणि त्या रात्री टीव्हीवर समालोचक ॲलन हॅन्सन बोलून गेले, ‘पोरांच्या जिवावर काही जिंकता येत नाही.’ पुढच्या मे महिन्यात त्याच संघाने लीग आणि एफए कप (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा) दोन्ही उचलले. ती पोरं म्हणजे बेकहॅम, स्कोल्स, बट, नेव्हिल बंधू. तेव्हापासून ते वाक्य हॅन्सनची फजिती म्हणून सांगितलं जातं. मला ते निम्मं तरी खरं वाटतं. त्या संघात गोलमध्ये श्मायकेल होता, बचावात ब्रूस आणि पॅलिस्टर होते आणि ऑक्टोबरात बंदी संपवून कँटोनाही परतला. पोरं होतीच, पण कणा मुरलेल्यांचा होता.

मुरणं म्हणजे नेमकं काय? पायांचा वेग तर एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाकडे भरपूर असतो. तिशीनंतर खेळाडू कमी वेळा सुसाट धावतात; पण सामन्यांच्या आकडेवारीत त्यांचे पास मात्र जास्त अचूक दिसतात. पायांनी गमावलेलं डोळे भरून काढतात. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी चेंडू पायाशी येण्याआधी खेळाडू किती वेळा मान वळवून आजूबाजूला बघतात, ते मोजलं. जे जास्त वेळा बघतात, त्यांचे पास सहसा जास्त यशस्वी ठरतात. आणखी एक प्रयोग मला फार आवडतो: पास सुटण्याच्या क्षणी व्हिडिओ थांबवायचा आणि विचारायचं, चेंडू कुठे जाणार? अनुभवी खेळाडू समोरच्याच्या कंबरेच्या आणि खांद्याच्या वळणावरून उत्तर देतात. नवख्याची नजर बहुधा चेंडूवरच खिळलेली असते.

ही नजर येते ती सामने खेळून, आणि तेही त्या वेगाचे सामने. क्लबच्या अकादमीत, म्हणजे पोरांच्या प्रशिक्षण केंद्रात, समोरचाही शिकाऊच असतो. म्हणजे नजर नाही म्हणून बाकावर बसवायचं आणि बाकावर बसला म्हणून नजर येत नाही, असं ते दुष्टचक्र.

मग खेळवा की बिनधास्त! इथे शरीर आडवं येतं. स्पेनचा पेद्री २०२०-२१ च्या हंगामात क्लब आणि देशासाठी मिळून सत्तरहून अधिक सामने खेळला, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. पुढच्या हंगामात मांडीच्या स्नायूंनी त्याला वारंवार बाहेर बसवलं. इंग्लंडच्या मायकेल ओवेनचा हॅमस्ट्रिंग (मांडीचा मागचा स्नायू) १९९९ मध्ये फाटला, वय १९. दोन उदाहरणांनी नियम सिद्ध होत नाही, मान्य. पण विश्वास टाकणं आणि राबवून घेणं यात फरक आहे, आणि प्रशिक्षक तो नेमका जिंकत असताना विसरतात.

कुठे खेळवायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. विंगरने, म्हणजे कडेने चढाई करणाऱ्याने, चेंडू पायाशी खेळवत पुढे नेताना (ड्रिबल) तो गमावला तर मागे सावरायला चार-पाच जण असतात. सेंटर-बॅकने, म्हणजे गोलसमोरच्या बचावपटूने, तीच चूक केली तर उरतो फक्त गोलकीपर. पोरांना सहसा आधी कडेला उतरवतात ते यामुळेच.

९ जुलै २०२४, युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेची उपांत्य फेरी, स्पेनविरुद्ध फ्रान्स. स्पेनच्या उजव्या कडेला पुढे १६ वर्षांचा लामिने यामाल आणि त्याच्या पाठीशी ३८ वर्षांचा हेसूस नावास. फ्रान्सच्या एम्बापेला रोखायचं काम नावासकडे होतं. यामालने २१ व्या मिनिटाला गोलसमोरच्या बॉक्सबाहेरून वळवून गोल मारला.