जुन्या गाडीचा रेडिओ आणि मोबाईलचं गाणं

नागपुरात जुनी फियाट किंवा अँबेसेडर जिवापाड जपणारी घरं अजून आहेत. गाडी चालते, इंजिन ठणठणीत असतं, डॅशबोर्डवरच्या रेडिओची डायलही उजळते. पण मीडियम वेव्हवर हल्ली गाण्यापेक्षा खरखर जास्त. मोबाईलचे चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर या सगळ्यांचा विद्युत गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात येऊन पडतो. मग मालक विचारतो, मोबाईलवरची गाणी यातून वाजतील का? दुकानात बहुतेकदा एकच उत्तर मिळतं: हा काढा, नवा बसवा. नव्या सेटला मोठं चौकोनी भोक लागतं आणि जुन्या रेडिओला दोन नॉबचे दांडे आणि मध्ये छोटी खिडकी एवढंच. म्हणजे डॅशबोर्डचा पत्रा कापणं आलं, आणि कापलेला पत्रा परत जुळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पत्र्याला हात लावायची गरजच नाही. जुना रेडिओ मोबाईलचं गाणं उत्तम वाजवू शकतो. ते कुठून आत सोडायचं, तेवढं कळायला हवं.

त्यासाठी रेडिओ आतून काय करतो ते पाहू. आकाशवाणी नागपूरचं मीडियम वेव्ह केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर. जुन्या डायलवर मीटरचे आकडे असतात, तिथे हे सुमारे ५१३ मीटरवर सापडतं. काटा तिथे आणला की रेडिओच्या आतला एक छोटा ऑसिलेटर स्वतःची १०४० किलोहर्ट्झची लहर तयार करतो. दोन्ही लहरी एकमेकींत मिसळल्या की त्यांच्या फरकाची, म्हणजे ४५५ किलोहर्ट्झची, नवी लहर निघते. काटा नागपूरच्याच १५६६ किलोहर्ट्झवर नेला, जिथे आकाशवाणीचा १००० किलोवॅटचा अवाढव्य ट्रान्समीटर होता, तर ऑसिलेटर २०२१ किलोहर्ट्झवर सरकतो आणि फरक पुन्हा ४५५ च. केंद्र कुठलंही असो, पुढच्या मंडलाला (सर्किटला) कायम एकाच वारंवारतेवर काम करायचं असतं. काही गाड्यांच्या रेडिओत हा आकडा वेगळा असतो, तत्त्व मात्र तेच. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये शोधलेली ही सुपरहेटरोडाइन पद्धत आहे, आणि आजचे रेडिओही तिच्याच पायावर उभे आहेत.

या ४५५ च्या लहरीतून शेवटी एक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) आवाज वेगळा काढतो. त्याला डिटेक्टर म्हणतात. डिटेक्टरच्या अलीकडे सगळा मामला रेडिओलहरींचा. पलीकडे निव्वळ ध्वनी: आवाज कमी-जास्त करायचा पॉट, मग अॅम्प्लिफायर, मग स्पीकर. ध्वनी आकाशवाणीचा की मोबाईलचा, हे या दुसऱ्या भागाला कळतही नाही. म्हणून मोबाईलची वायर या दोन भागांच्या सीमेवर, पॉटवर जोडायची.

रेडिओ बाहेर काढून वरचं झाकण उघडलं की व्हॉल्यूमच्या नॉबच्या दांड्यामागे पॉट दिसतो. त्याला एका ओळीत तीन पाय असतात. (मागच्या बाजूचे जाड पाय ऑन-ऑफ स्विचचे, ते वेगळे.) तीनपैकी एका टोकाचा पाय रेडिओच्या बॉडीला जोडलेला असतो. मधल्या पायातून आवाज अॅम्प्लिफायरकडे जातो. उरलेल्या तिसऱ्या पायावर डिटेक्टरकडून आवाज येतो, आणि आपल्याला हवा तो हाच. खात्री करायची तर बॉडीचा पाय मल्टिमीटरने शोधा. मग रेडिओ ट्रान्झिस्टरचाच असेल तर (व्हॉल्व्हच्या जुन्या सेटवर ही परीक्षा मुळीच नको, कारण पुढे येतंय) तो सुरू करून, आवाज मध्यम ठेवून, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक या तिसऱ्या पायाला टेकवा आणि पात्याला बोट लावा. स्पीकरमधून 'घूं' असा आवाज आला आणि नॉब फिरवल्यावर तो कमी-जास्त झाला, की जागा बरोबर सापडली.

मोबाईलची वायर तिथे थेट चिकटवू नये. या पायावर अनेकदा थोडा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा, व्होल्टेज असतो. केंद्र जोरात येतंय की क्षीण, हे पाहून रेडिओ आपली ताकद आपोआप कमी-जास्त करतो, ते याच व्होल्टेजच्या आधारे. मोबाईल थेट जोडला तर तो व्होल्टेज खाली बसतो आणि मोबाईलमध्येही नको तो प्रवाह शिरतो. म्हणून मध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकायचा. तो डीसी अडवतो, गाणं जाऊ देतो. दुसरी गोष्ट, मोबाईलमधून डावा आणि उजवा असे दोन आवाज येतात, रेडिओला एकच हवा. दोन्ही तारा नुसत्या पिळून एक केल्या तर मोबाईलचे दोन अॅम्प्लिफायर एकमेकांशी झुंजत बसतात. प्रत्येक तारेत १ ते ४.७ किलोओहमचा एक-एक रेझिस्टर घातला आणि मग त्या जोडल्या, की भांडण मिटतं. रेडिओच्या बॉडीपर्यंतची सगळी तार शील्डची, म्हणजे भोवती धातूची जाळी असलेली, घ्यावी, नाहीतर स्पार्क प्लगची टकटक गाण्यात येते. हा सगळा माल बर्डीत, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, सहज मिळतो आणि खर्च किरकोळ आहे.

मागे केंद्र वाजत राहू नये म्हणून पिन घालताच डिटेक्टरची तार सुटेल असा स्विचवाला जॅक वापरता येतो. मात्र त्या आपोआप-नियंत्रणाची तार डिटेक्टरच्याच बाजूला राहिली पाहिजे. आणि पॉट हाच डिटेक्टरचा भार असेल, म्हणजे डिटेक्टरचा प्रवाह पॉटमधूनच बॉडीला जात असेल, तर तो सुटल्यावर त्याच्या जागी तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर यायला हवा.

हे करून झाल्यावर पहिलं गाणं ऐकताना बहुतेकांना आश्चर्य वाटतं, कारण त्याच रेडिओचा आवाज केंद्र लावल्यावर येतो त्यापेक्षा मोकळा लागतो. मीडियम वेव्हवर आपल्याकडे दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं. शेजारचं केंद्र आत घुसू नये म्हणून रेडिओ ध्वनीच्या साधारण साडेचार किलोहर्ट्झवरचा भाग कापून टाकतो. झांजेची खणखण, बासरीतली फुंकर यातलं बरंच त्यात जातं. पॉटवरून आत आलेलं गाणं त्या अरुंद वाटेने येतच नाही. जुना अॅम्प्लिफायर आणि कागदी कोनचा स्पीकर यांच्यात किती दम होता, हे तेव्हा पहिल्यांदा ऐकू येतं.

दोन धोके मात्र सांगितलेच पाहिजेत. ब्रिटिश वंशाच्या कित्येक जुन्या गाड्यांत बॅटरीचं निगेटिव्ह नव्हे तर पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. अशा गाडीत मोबाईल गाडीच्याच वीजेवर चार्ज होत असताना रेडिओला जोडला, तर ऑडिओच्या तारेतून सरळ शॉर्ट सर्किट होऊ शकतं. बॅटरीची कुठली तार बॉडीला गेली आहे ते आधी डोळ्यांनी पाहा. शंका असेल तर मध्ये १:१ चा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. त्यात गाणं चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातं, दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना शिवतही नाहीत. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टीही बहुधा त्यानेच थांबते.

दुसरा धोका जिवाचा. १९५५ साली अमेरिकेत गाडीसाठी पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ आला. त्याआधीच्या रेडिओत व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरचं काम करणाऱ्या काचेच्या नळ्या) असत आणि व्हायब्रेटर व ट्रान्सफॉर्मर बॅटरीच्या ६ किंवा १२ व्होल्टचे दोनशेच्या आसपास व्होल्ट करत. बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतात. असा सेट जाणकार कारागिराकडेच द्यावा. वरची बोटाची परीक्षा त्यावर मुळीच करू नये.

आणि आपलं नागपूरचं ऊन. साठच्या दशकातल्या बऱ्याच रेडिओत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आहेत. जर्मेनियममधून बंद अवस्थेतही थोडा प्रवाह गळतो, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. २५ अंशांवर जेवढी गळती, त्याच्या १६ पट ६५ अंशांवर. मे महिन्यात पारा ४५ वर असताना उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड तिथवर सहज पोचतो. गळतीने ट्रान्झिस्टर तापतो, तापल्याने गळती वाढते, आणि हे चक्र आवरलं नाही तर आउटपुटचा ट्रान्झिस्टर जळतो. जुन्या इंजिनियरांना हे ठाऊक होतं. त्यांनी आउटपुट ट्रान्झिस्टर जाड धातूच्या पाठीवर बसवले आणि मंडलात थर्मिस्टर घातला, तापमान वाढलं की प्रवाह आवरता घेणारा. तरीही मोबाईल पूर्ण आवाजावर ठेवून सलग गाणी वाजवणं हा भार रेडिओच्या केंद्रापेक्षा मोठा. उन्हाळ्यात दुपारी गाडी काढली तर आधी काचा खाली करा, वर्धा रोडला लागून डॅशबोर्डला थोडी हवा लागू द्या, हात टेकवून पाहा, आणि मग नॉब फिरवा.