सकाळी दहाला संगणक अडतो तेव्हा : अँटिव्हायरसच्या अपडेटविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींच्या फोनपैकी बरेचसे सकाळी सव्वादहा ते अकराच्या दरम्यान येतात आणि सोमवारी त्यांची संख्या वाढते. तक्रार साधारण एकच असते : संगणक चालू झाला आहे, माउस हलतो आहे, पण टॅली हा हिशेबाचा प्रोग्रॅम उघडायला पाच मिनिटे लागत आहेत आणि प्रिंट दिली तरी निघत नाही. इंटरनेट मंद असावे किंवा व्हायरस शिरला असावा, असा पहिला तर्क केला जातो. प्रत्यक्षात अशा वेळी बहुधा व्हायरस नसतो, तर व्हायरसपासून राखण करणारा प्रोग्रॅमच कामाला लागलेला असतो. असे का होते आणि ते कसे टाळावे, हे वार्षिक देखभाल करार असलेल्या आणि नसलेल्या सर्वच ग्राहकांना समजावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

मंदपणाचे कारण पाहण्यासाठी आमचा माणूस येण्याची वाट पाहावी लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘डिस्क’ या रकान्याच्या शीर्षकावर क्लिक केले की डिस्क सर्वाधिक वापरणारा प्रोग्रॅम यादीत वर येतो. डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांना टेकलेला असेल आणि सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, मात्र वीस-पंचवीसवरच रेंगाळत असेल, तर अडचण प्रोसेसरची नसून डिस्कची आहे. यादीच्या माथ्यावर आपण विकत घेतलेल्या अँटिव्हायरसचे नाव, किंवा विंडोजचा स्वतःचा डिफेंडर वापरत असल्यास ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्यूटेबल’ हे नाव दिसले, तर पुढील मजकूर आपल्यासाठीच आहे.

रोजच्या अपडेटची फाइल फार मोठी नसते; बऱ्या ब्रॉडबँडवर ती थोड्याच वेळात उतरते. खरा भार त्यानंतर पडतो. एखादी फाइल एकदा तपासून ती स्वच्छ आढळली की अँटिव्हायरस तशी नोंद ठेवतो आणि ती फाइल बदलत नाही तोवर पुन्हा तपासत बसत नाही. नवीन व्हायरसांच्या खुणांची यादी आली की मात्र जुन्या नोंदींचा भरवसा धरता येत नाही, कारण कालच्या यादीप्रमाणे निर्दोष ठरलेली फाइल आजच्या यादीत सापडू शकते. सोसायटीच्या रखवालदाराला संशयितांची नवी यादी मिळाल्यावर त्याने ओळखीच्या माणसांनाही फाटकावर एकदा थांबवावे, तसा हा प्रकार आहे. परिणामी अपडेटनंतर उघडली जाणारी प्रत्येक फाइल नव्याने वाचली जाते, आणि त्यातच ठरलेले पूर्ण स्कॅनही सुरू झाले तर एरवी कोणी न उघडणाऱ्या हजारो फाइलींची त्यात भर पडते.

फिरती तबकडी असलेली जुनी हार्ड डिस्क इथे हमखास अडते. तिच्यातील डेटा वाचणाऱ्या टोकाला दर फाइलसाठी जागा बदलावी लागते, त्यामुळे विखुरलेल्या लहान फाइली ती सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळाच वाचू शकते. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारा भागच नसल्याने हीच संख्या हजारोंच्या घरात जाते. म्हणून पाच-सात वर्षांपूर्वीच्या संगणकाचा मालक नवीन संगणकाचे दर विचारायला आला, तर आम्ही आधी एसएसडी बसवून पाहण्याचा सल्ला देतो. नवीन संगणक विकण्यात आमचा फायदा अधिक असला, तरी सल्ला हाच आहे.

आता सकाळी दहाचे कोडे. अनेक अँटिव्हायरसमध्ये पूर्ण स्कॅनची वेळ रात्रीची ठेवलेली असते, आणि ज्या कार्यालयांत संगणक रात्रभर चालू असतात तिथे ती सोयीचीही आहे. आपल्याकडे मात्र संध्याकाळी मेन स्विच पाडून शटर ओढण्याची पद्धत आहे, आणि विजेचा व शॉर्ट सर्किटचा विचार करता तिला नावे ठेवता येणार नाहीत. रात्री दोनचे चुकलेले स्कॅन ‘संधी मिळताच सुरू करावे’ अशी सूचना अँटिव्हायरसला दिलेली असेल, तर त्याला ती संधी सकाळी उदबत्ती लावून संगणक चालू केल्याबरोबर मिळते. रविवारच्या सुटीनंतर किंवा दिवाळीच्या चार दिवसांनंतर विंडोजची राहिलेली अपडेटही त्याच वेळी उतरू लागतात. एका कार्यालयात सात संगणक एकाच वेळी हे सर्व स्वतंत्रपणे एकाच जोडणीवरून उतरवत होते. तिथे आमच्या माणसाने फक्त स्कॅनच्या वेळा बदलल्या आणि तक्रार मिटली.

त्यामुळे पूर्ण स्कॅन आठवड्यातून एकदा, दुपारच्या जेवणाच्या सुटीत, आणि प्रत्येक संगणकाचे वेगळ्या वारी ठेवावे, असे आम्ही सुचवतो. त्या दिवशी जेवायला जाताना संगणक बंद करू नये आणि तो झोपी जाणार नाही अशी सेटिंग ठेवावी. चार-पाचपेक्षा अधिक संगणक असल्यास व्यवसायांसाठीची आवृत्ती घ्यावी, जिच्यात एक संगणक अपडेट उतरवून घेतो आणि बाकीच्यांना आतल्या जाळ्यातूनच पुरवतो.

काही ग्राहक वैतागून अपडेटच बंद करून टाकतात. त्यांना २०१७ ची आठवण करून द्यावीशी वाटते. त्या वर्षी २७ जून रोजी पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅममुळे न्हावा शेवा बंदरातील मर्स्क या जहाज वाहतूक समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. तो ज्या मार्गांनी पसरला त्यांपैकी एक मार्ग बंद करणारी विंडोजची दुरुस्ती त्याच वर्षी १४ मार्चला, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक आधी, निघालेली होती. अपडेटच घात करते, असा उलट अनुभवही आहे, हे मान्य केले पाहिजे : १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. या दोन्ही गोष्टी ध्यानात घेऊन आम्ही असा नियम ठेवला आहे की व्हायरसांच्या खुणांची रोजची यादी कधीही अडवायची नाही; प्रोग्रॅमची नवीन आवृत्ती मात्र आधी एकाच संगणकावर घालून दोन-तीन दिवस पाहायची आणि नंतर इतरांवर घालायची. दरमहा ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ आणि २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणपत्रे भरावी लागत असल्याने कर सल्लागारांकडील नवीन आवृत्ती घालण्याचे काम आम्ही २० तारखेनंतरच करतो.

टॅलीच्या डेटाचा फोल्डर तपासणीतून वगळल्यास टॅलीचा वेग सुधारतो, हे खरे आहे. पण तेवढाच एक फोल्डर वगळावा. ‘संपूर्ण डी ड्राइव्ह वगळा’ असा आग्रह आम्हाला अनेकदा केला जातो आणि आम्ही तो मान्य करत नाही. डाउनलोड, डेस्कटॉप आणि पेन ड्राइव्ह तर कधीच वगळू नयेत. ज्याला वगळले त्या डेटाचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी.

नवीन लॅपटॉपबरोबर आलेली अँटिव्हायरसची चाचणी आवृत्ती तशीच राहते आणि तिच्यावर विकत घेतलेला अँटिव्हायरस चढवला जातो, असे बऱ्याचदा दिसते. दुसरा अँटिव्हायरस आला की विंडोजचा डिफेंडर सहसा आपणहून बाजूला होतो. चाचणी आवृत्ती आणि विकत घेतलेला अँटिव्हायरस मात्र एकमेकांसाठी तसे बाजूला होतीलच असे नाही, आणि मग एकच फाइल दोनदा तपासली जाते. एक काढून टाकावा.

फोन करण्यापूर्वी डिस्कच्या रकान्यानुसार लावलेल्या टास्क मॅनेजरचा मोबाइलवर फोटो काढून आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवावा. संगणक एकदा ‘रीस्टार्ट’ करून पाहिला का, तेही कळवावे. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’मुळे नुसत्या ‘शट डाउन’ने संगणक पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. फोटोत वरची चार-पाच नावे वाचता आली तर बहुतेक वेळा आम्ही फोनवरच उपाय सांगू शकतो, आणि अशा सल्ल्याचे शुल्क घेतले जात नाही.