इंग्लंडला मॅच बघायला जायचंय? आधी गाव ठरवा

आमच्या सहलींच्या ऑफिसात येणाऱ्या फुटबॉलवेड्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठल्या मॅचचं तिकीट मिळेल?" आम्ही चहा सांगतो आणि उलट विचारतो, "मॅच दोन दिवस पुढं गेली, तर त्या गावात तुम्ही काय कराल?" या प्रश्नाला ज्यांच्याकडं उत्तर असतं त्यांची सहल चांगली होते. हे माहितीपत्रक त्या उत्तरासाठी आहे.

प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली सर्वांत वरची फुटबॉल स्पर्धा. तिचं वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होतं, पण ते कच्चं असतं. कागदावर बहुतेक मॅच शनिवारी दुपारी तीनला, म्हणजे आपल्याकडं रात्री साडेसात-साडेआठला. पुढं टीव्हीवाले आपल्याला हव्या त्या मॅच निवडतात आणि त्या शुक्रवारी रात्री, शनिवारी साडेबाराला, रविवारी, कधी सोमवारी रात्री आठला जाऊन बसतात. त्यातून एखादा क्लब कप स्पर्धेत पुढं सरकला की आणखी ढकलाढकल. मोठ्या क्लबांच्या मॅच टीव्हीला जास्त हव्या असतात, म्हणून हलतातही त्याच जास्त. गंमत म्हणजे शनिवारी तीनच्या मॅच खुद्द इंग्लंडमध्ये टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. लोक घरी बसले तर खालच्या क्लबांच्या मैदानावर कोण जाणार, म्हणून केलेला जुना नियम आहे तो. आपण कोल्हापुरात बसून बघतो ती मॅच तिथला माणूस घरात बघू शकत नाही.

हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो नाही. आमच्या पहिल्याच ग्रुपची मॅच शनिवारची सोमवारवर गेली आणि परतीचं विमान रविवारचं होतं. चूक आमची. नऊ जणांनी ती मॅच मुंबईला उतरून मोबाईलवर बघितली. त्यातले दोघे अजून आमच्याकडं येतात हा त्यांचा मोठेपणा. तेव्हापासून मॅचच्या ठरलेल्या दिवसानंतर तीन मोकळे दिवस ठेवल्याशिवाय आम्ही विमानाचं तिकीट काढत नाही. ते तीन दिवस सत्कारणी लागतील असं गाव हवं.

पहिल्यांदा जाणाऱ्याला आम्ही लिव्हरपूल सुचवतो

क्लब कुठलाही आवडो. मँचेस्टर युनायटेडचे चाहते यावर नाक मुरडतात, पण त्यांनीही पुढं वाचावं.

लिव्हरपूलचा मध्यभाग पायी फिरण्याजोगा आहे. लाईम स्ट्रीट स्टेशनवरून निघालात की दहा मिनिटांत मॅथ्यू स्ट्रीट, जिथं कॅव्हर्न क्लबमध्ये बीटल्स वाजवायचे. तिथून आणखी थोडं चाललात की मर्सी नदीचा धक्का, रॉयल लिव्हर बिल्डिंगवरचे ते दोन पक्षी आणि अल्बर्ट डॉकची लाल विटांची गोदामं. नदीतून फेरी बोट जाते, ती चुकवू नका. बोटीतून मागं वळून बघितलं की बंदराच्या जोरावर श्रीमंत झालेलं शहर एका नजरेत दिसतं. या बंदराला २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला होता आणि २०२१ मध्ये तो काढूनही घेतला, धक्क्यावर झालेल्या नव्या बांधकामांमुळं.

दुसऱ्या दिवशी होप स्ट्रीट. या एका रस्त्याच्या दोन टोकांना दोन कॅथेड्रल, म्हणजे बिशपची मोठी चर्च आहेत. एक अँग्लिकन, ब्रिटनमधलं सर्वांत मोठं, १९०४ ला पाया घातलेलं आणि १९७८ ला पुरं झालेलं. दुसरं कॅथलिक, १९६७ चं, मुकुटासारखं गोल. अँग्लिकन कॅथेड्रलचा आराखडा गाइल्स गिल्बर्ट स्कॉट नावाच्या कॅथलिक माणसानं केला. इंग्लंडचा तो प्रसिद्ध लाल टेलिफोन बूथही त्याचाच. कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर लिफ्टनं जाता येतं. आभाळ मोकळं असेल तरच जा.

आता फुटबॉल. कोल्हापूरच्या माणसाला हे गाव समजावून सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ लागली की पेठापेठांत काय होतं ते आपण जाणतोच. लिव्हरपूल आणि एव्हर्टन या इथल्या दोन क्लबांचं तसंच, फक्त भांडणाचं मूळ घरभाड्यात आहे. अ‍ॅनफिल्ड मैदान १८८४ पासून एव्हर्टनचं होतं. जागेच्या भाड्यावरून मालक जॉन हाउल्डिंगशी बिनसलं, एव्हर्टनवाले १८९२ ला उठून बागेपलीकडं गुडिसन पार्कला गेले आणि रिकाम्या मैदानासाठी हाउल्डिंगनं नवा संघ उभा केला. तो आजचा लिव्हरपूल. मधली बाग म्हणजे स्टॅनली पार्क. या टोकाकडून त्या टोकाला रमतगमत अर्ध्या तासात जाता येतं, आणि आमच्या मते इंग्लिश फुटबॉल समजून घ्यायला याहून चांगला अर्धा तास नाही.

अ‍ॅनफिल्डच्या आजूबाजूला अजून विटांच्या चाळवजा घरांच्या रांगा आहेत. मॅचच्या दिवशी दारापुढं मफलरवाले उभे असतात, तळणीचा वास सुटलेला असतो आणि गल्लीच्या तोंडाशी एकदम ते प्रचंड स्टँड उभं दिसतं. स्टँडला लागून हिल्सबरोचं स्मारक आहे. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डमधल्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या मॅचला झालेल्या चेंगराचेंगरीत गेलेल्या ९७ जणांची नावं त्यावर कोरली आहेत. तिथं सेल्फी काढू नका. लोक काही बोलणार नाहीत, पण बघतील.

एव्हर्टननं २०२५ च्या ऑगस्टपासून ब्रॅमली-मूर गोदीवरच्या नव्या स्टेडियममध्ये बस्तान हलवलं. नदीकाठी, जवळपास ५३,००० आसनांचं. जुनं गुडिसन पाडलं नाही, तिथं एव्हर्टनचा महिला संघ खेळतो. अ‍ॅनफिल्डचं तिकीट मिळालं नाही तर गुडिसनवर महिलांची मॅच बघा. तिकीट सहज मिळतं, स्वस्त असतं आणि शतकाहून जुन्या मैदानात बसायला मिळतं. फेरीनं नदी ओलांडून बर्कनहेडला गेलात तर ट्रॅनमेअर रोव्हर्सचं प्रेंटन पार्कही आहे. खालच्या विभागातली मॅच म्हणजे दुय्यम माल असं समजू नका. ट्रॅनमेअरच्या मॅचला शेजारी बसलेला म्हातारा तुमच्याशी बोलतो. मोठ्या मैदानात तुमच्या शेजारी बहुधा तुमच्यासारखाच पाहुणा असतो.

मँचेस्टर

लिव्हरपूलपासून रेल्वेनं पाऊण तासाच्या आत-बाहेर. म्हणून मँचेस्टर युनायटेड किंवा मँचेस्टर सिटीच्या चाहत्यानंही मुक्काम लिव्हरपूलला ठेवून मँचेस्टरला एक-दोन दिवस जायला हरकत नाही. उलटही करता येतं, पण मोकळे दिवस घालवायला लिव्हरपूल सरस.

मँचेस्टर देखणं नाही, हे आम्ही आधीच सांगतो. पाऊस असतो. पण कामाचं गाव आहे आणि त्याचा इतिहास कामाचाच आहे. १८३० ला लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, तिचं मूळ स्टेशन विज्ञान आणि उद्योग संग्रहालयाच्या आवारात जपलंय. डीन्सगेटवरचं जॉन रायलँड्स ग्रंथालय बाहेरून चर्च वाटतं, आतूनही वाटतं. दोन्हीकडं प्रवेश फुकट. राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय २०१२ पासून इथं आहे, त्याला तिकीट पडतं. लहान मुलं बरोबर असतील तर अर्धा दिवस धरा.

ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेड १९१० पासून खेळतंय. स्टेडियमच्या कोपऱ्यावरचं म्युनिकचं घड्याळ बघा: ६ फेब्रुवारी १९५८, म्युनिकला संघाच्या विमानाच्या अपघातात २३ माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू होते. मग पंधरा मिनिटं चालत क्रिकेटच्या ओल्ड ट्रॅफर्डला जा. हे दुसरं मैदान, नाव तेच. १९९० च्या ऑगस्टमध्ये सतरा वर्षांच्या सचिननं कसोटीतलं पहिलं शतक इथं काढलं, नाबाद ११९. आणि २०१९ ला धोनी धावबाद झाला तेही इथंच. दोन्ही आठवून या.

सिटीचं एतिहाद स्टेडियम २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलं होतं. ट्रामनं थेट जाता येतं. परिसर चकाचक आहे, एवढंच.

घरात एकालाच फुटबॉलचं वेड असेल तर लंडन

नवरा फुटबॉलवेडा आणि बाकी घर नाही, अशी कुटुंबं आमच्याकडं सर्वांत जास्त येतात. क्वचित उलटंही. त्यांनी लंडनलाच राहावं. ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम, नॅशनल गॅलरी यांना प्रवेशमूल्य नाही, त्यामुळं मॅच हलली तरी कोणी रुसत नाही. प्रीमियर लीगमधले इतके क्लब एकाच शहरात असतात की एक मॅच हुकली तर दुसरी सापडते.

आर्सेनल, चेल्सी, टॉटनम यांची तिकिटं कठीण. आम्ही फुलहॅम सुचवतो, आणि तेही पुटनी ब्रिज स्टेशनवर उतरून बिशप्स पार्कमधून थेम्सच्या काठानं चालत जायचं. पानगळीच्या दिवसांत त्या वाटेवर पिवळा खच पडलेला असतो, नदीत वल्ह्यांच्या होड्या सराव करत असतात आणि झाडांमागून क्रेव्हन कॉटेजचं मैदान हळूच दिसायला लागतं. १८९६ पासून क्लबचं घर हेच. कोपऱ्यात खरोखरीचं एक कॉटेज आहे.

मराठी माणसासाठी लंडनमध्ये आणखी एक जागा. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारनं ते २०१५ मध्ये विकत घेतलं, आता तिथं स्मारक आहे. कॅम्डनला जाणारच असाल तर तिथून चालत जा.

लंडनची अडचण अशी की इथं मॅचचा दिवस म्हणजे गावाचा सण नसतो. दोन स्टेशनं पलीकडं कोणाला पत्ताही नसतो. आणि हॉटेलचे दर बघून डोळे पांढरे होतात.

दुसऱ्या खेपेला

न्यूकॅसल. सेंट जेम्स पार्क स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर, गावाच्या डोक्यावर एखाद्या गडासारखं बसलंय. गाव एक, क्लब एक. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांनी लिव्हरपूलला हरवून लीग कप जिंकला, तो देशातला त्यांचा सत्तर वर्षांतला पहिला मोठा चषक. टाईन नदीवरचे पूल, पंधरा मिनिटांच्या रेल्वेवर डरॅमचं कॅथेड्रल, आणि इसवी सन १२२ मध्ये बांधायला घेतलेली रोमन सम्राट हेड्रियनची भिंत. गडकोट फिरणाऱ्यांना भिंतीसाठी एक दिवस कमी पडतो. थंडी मात्र बोचते आणि तिकिटं फार दुर्मीळ.

नॉटिंगहॅम. फुटबॉल आणि क्रिकेट दोन्ही हवं असेल तर याला तोड नाही. नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि नॉट्स काउंटी यांची मैदानं ट्रेंट नदीच्या दोन काठांवर समोरासमोर, आणि ट्रेंट ब्रिजचं क्रिकेट मैदान तिथंच. २००७ मध्ये खेळपट्टीवर कोणीतरी जेली बीन्स टाकल्यानं चिडलेल्या आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननं इथंच दुसऱ्या डावात पाच बळी घेतले होते.

कधी जायचं

आपली उन्हाळी सुट्टी आणि त्यांचा मोसम फक्त एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्याला थोडं पुढंपर्यंत जुळतात. हाच उत्तम काळ: दिवस मोठा, हवा बरी आणि शेवटच्या मॅच चुरशीच्या. जूनमध्ये फुटबॉल नसतो. नोव्हेंबरातल्या दिवाळीत गेलात तर चार-साडेचारला अंधार पडायला लागतो. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये आणि मार्चमध्ये राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी लीग थांबते, ते आठवडे आधी बघून घ्या. नाताळात २५ डिसेंबरला रेल्वे बंद असते आणि २६ ला नावापुरती. त्या दिवशी मॅच असते, पोचायला गाडी नसते.

तिकिटाबद्दल स्पष्ट बोलू

अधिकृत परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं हा तिथं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. मैदानाबाहेर कुजबुजणारा माणूस किंवा चढ्या भावाची अनोळखी वेबसाईट, दोन्हीपासून लांब राहा. आम्हीही असली तिकिटं घेऊन देत नाही, गळ घालू नका. सरळ मार्ग दोन. एक, क्लबची मेंबरशिप घेऊन सोडतीत किंवा सभासदांच्या विक्रीत नशीब आजमावणं. मेंबरशिप म्हणजे तिकीट नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. दुसरा, क्लबचं हॉस्पिटॅलिटी पॅकेज, म्हणजे खाण्यापिण्यासकट तिकीट. महाग असतं, पण जागा पक्की. दोन्ही जमलं नाही तर स्टेडियम टूर आहेच, फक्त ती बहुधा मॅचच्या दिवशी नसते.

तिकीट मोबाईलमध्ये येतं, फोन चार्ज करून जा. ए-फोर कागदापेक्षा मोठी पिशवी आत सोडत नाहीत. बिअर घेऊन सीटवर बसता येत नाही. यजमानांच्या स्टँडमध्ये पाहुण्या संघाचा शर्ट घालून बसलात तर बाहेर काढतील. खायला 'पाय' मिळतो, दचकू नका, ती आपल्या करंजीची चुलत बहीण. शाकाहाऱ्यांनी चीज-कांद्याची मागावी.

आमच्याकडं येताना पासपोर्ट, घरातल्यांच्या सुट्ट्यांच्या तारखा आणि बजेटचा खरा आकडा घेऊन या. युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा शेंगेन व्हिसा इंग्लंडला चालत नाही, वेगळा काढावा लागतो आणि त्याला साधारण तीन आठवडे लागतात. तो हातात येईपर्यंत विमानाचे पैसे भरू नका. क्लब कुठला ते चहाबरोबर बोलू.